पॉवर कंडिशनर हप्त्यांवर घ्यावा का?

प्रश्न: भाड्याच्या घरातल्या एका खोलीत लॅपटॉपवर आवाजाचं रेकॉर्डिंग करतो. कामं मिळू लागलीत, पण स्पीकरमधून सतत ‘घूंऽऽ’ ऐकू येतं. पॉवर कंडिशनर (वीज गाळून उपकरणांना देणारा डबा) आणि मोठा ऑनलाइन यूपीएस (वीज गेली तरी क्षणभरही न थांबता बॅटरीवर पुरवठा चालू ठेवणारा) हप्त्यांवर घ्यावा म्हणतो. बरोबर आहे का?

उत्तर: आत्ता तरी नको. आधी एक फुकटची चाचणी करा. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, बॅटरीवर चालवा आणि कान द्या. ‘घूं’ थांबली, तर दुखणं बहुधा ग्राउंड लूपचं आहे: लॅपटॉप एका बोर्डावर, स्पीकर दुसऱ्यावर, आणि दोन्हीकडचं अर्थिंग ऑडिओ केबलमधून जोडलं गेलंय. बहुतेक कंडिशनर वरच्या फ्रिक्वेन्सीचा कचरा गाळतात, व्होल्टेजचा झटका अडवतात. लूपमधून येणाऱ्या 50 किंवा 60 हर्ट्झच्या गुणगुणीला ते हातही लावत नाहीत. म्हणजे हप्ते चालू आणि ‘घूं’ही चालू!

लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (माइक आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणारा डबा) आणि दोन छोटे स्पीकर मिळून सहसा 500 वॉटच्या आतच राहतात. सगळं एकाच बोर्डावर घ्या, स्पीकरला बॅलन्स्ड केबल (वाटेत शिरलेला गोंगाट रद्द करणारी तीन तारांची केबल) लावा. तरीही आवाज राहिला तर ऑडिओच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाज पुढे जाऊ देणारा, पण दोन्हीकडचा तारेचा थेट जोड तोडणारा) टाका. अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी ना कुणी देतोच. आवाज जाईलही, पण बिघाड झाला तर उपकरणाचा पत्रा हाताला शॉक देईल.

पैसे खर्चायचेच तर वायरमनवर खर्चा. अर्थिंग तपासून घ्या, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का बघा. नसेल तर खर्च घरमालकाशी बोलून, भाड्यातून वळता करून, लेखी घ्या. भिंतीतली वायर घर सोडताना नेता येत नाही.

यूपीएसचं म्हणाल, तर लॅपटॉपला बॅटरी आहेच. इंटरफेस यूएसबीवर चालत असेल, तर वीज गेली तरी घेतलेला टेक (रेकॉर्डिंग) वाचतो. पुढे डेस्कटॉप घेतलात तर विचार करा, आणि तेव्हा व्हीएच्या (यूपीएसवर छापलेल्या व्होल्ट-अँपिअरच्या) मोठ्या आकड्याला भुलू नका: पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला प्रत्यक्ष वॉट मिळणारा हिस्सा, 0.6 असेल तर 1000 व्हीए म्हणजे 600 वॉट. बॅटरीही साधारण 3 ते 5 वर्षांत बदलावी लागते, ती रक्कम आधीच बाजूला काढा.

आणि हो, घराच्या विम्यात व्यवसायाची उपकरणं धरतात का, हे कंपनीला लेखी विचारा. बऱ्याच पॉलिसींत ती धरलेली नसतात.