ग्रीक 'हिब्रिस्तेस' : गर्विष्ठ म्हणण्यापेक्षा माजोरी म्हणा

गर्विष्ठ माणसाला ग्रीकमध्ये काय म्हणतात आणि इंग्रजीतला ह्युब्रिस (hubris, अति गर्व) तिथूनच आलाय का, असं विचारलंय. हो, तिथूनच. मूळ शब्द हिब्रिस, आणि तसं वागणारा तो हिब्रिस्तेस. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ओडिसी या महाकाव्यातच सापडतो, त्याचा नायक ओडिसियस अनोळखी किनाऱ्याला लागतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न हाच पडतो की इथले लोक हिब्रिस्तेस आहेत की पाहुण्याला मान देणारे.

पण नुसती डोक्यात हवा गेली म्हणून जुन्या अथेन्समध्ये कोणी हिब्रिस्तेस ठरत नव्हता, काहीतरी करावं लागायचं. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की स्वतःचा काही फायदा नसताना, निव्वळ मजा म्हणून दुसऱ्याची अब्रू जाईल असं वागणं म्हणजे हिब्रिस, बदला घेतला तर ती हिब्रिस नाही. अथेन्सचा वक्ता डिमॉस्थेनिसने अरिस्टॉन नावाच्या तरुणासाठी कोर्टातलं एक भाषण लिहून दिलेलं, त्यात कॉनन आणि त्याचं टोळकं त्या पोराला चिखलात लोळवतात, ओठ फोडतात, डोळे सुजून बंद होईपर्यंत मारतात, आणि मग हा कॉनन झुंज जिंकलेल्या कोंबड्यासारखा आरवायला लागतो आणि बाकीचे त्याला सांगतात, कोपरं पंखांसारखी फडफडव! मारहाण कोणीही करेल हो, ते आरवणं म्हणजे हिब्रिस. यावर वेगळा कायदा होता, कुठलाही नागरिक खटला भरू शकायचा, गुलामावर झालेली हिब्रिससुद्धा त्यात यायची.

व्युत्पत्ती म्हणाल तर 'वर, पलीकडे' अर्थाच्या हिपेरशी लोक जोडतात पण भाषातज्ज्ञांना ते पटत नाही, एकमत नाहीच. मला वापर जास्त बोलका वाटतो. भरपूर खाऊन उधळणाऱ्या जनावराला हिब्रिसपासून झालेलंच क्रियापद वापरायचे, आणि नुसती पानंफांद्या वाढवून फळ न देणाऱ्या झाडालाही हेच. वनस्पतींवर लिहिणारा प्राचीन ग्रीक लेखक थिओफ्रास्टस लिहितो की अशा बदामाच्या खोडात लोखंडी खुंटी ठोकायचे आणि त्याला झाडाला शिक्षा करणं म्हणायचे. आता आपल्याकडे बघा, बैल माजतो, तण माजतं, माणूसही माजतो. म्हणून भाषांतर करताना गर्व, अहंकार वगैरे सोडा आणि सरळ माज लिहा. अथेन्सचा जुना कवी आणि कायदे करणारा सोलोन, त्याची ओळही मग लगेच कळते, अति तृप्तीच्या पोटी हिब्रिस जन्मते.

आजच्या ग्रीकमध्ये याच मुळातलं व्रीझो म्हणजे शिव्या देणं आणि व्रिस्या म्हणजे शिवी.