'माझं बीजच खराब आहे का, मॅडम?'

एंडोमेट्रिओसिसचं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचं, निदान झालं की लातूरला माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींचा पहिला प्रश्न हाच असतो. उदगीरकडच्या एकीचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय 31, लग्नाला पाच वर्षं. बीजकोशात चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्तानं भरलेली गाठ, आणि एएमएच या रक्ततपासणीचा आकडा कमी. "कमी म्हणजे खराबच की. ह्यांना मीच म्हणलं, दुसरी करा."

मी फाइल मिटली. "धाकट्या बहिणीला हेच निघालं असतं, तर तिच्या नवऱ्यालाही असंच सांगितलं असतं?"

ती उसळलीच. "का म्हणून? तिनं काय केलंय? तिच्या हातात हाय का ते?"

मी गप्प राहिले. ती फाइलीचा कोपरा दुमडत, सरळ करत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मग मी तरी काय केलंय?"

हे वाक्य मी आयतं दिलं असतं, तर तिनं मान डोलावली असती आणि बस पकडली असती. आजाराइतकाच माणसाला स्वतःवर चालवलेला खटला थकवतो, हे माझं ठाम मत आहे. तो सुटल्याशिवाय माहिती आत जात नाही.

मग माहिती. एएमएचवरून बीजांच्या साठ्याचा अंदाज येतो, दर्जाचा नाही. दर्जा मुख्यतः वयावर ठरतो. सिस्टभोवतीच्या सुजेचा बीजांवर परिणाम होऊ शकतो, पण किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. बऱ्याचदा अडतं ते नळ्या आणि बीजकोश चिकटल्यामुळे. ऑपरेशनमध्ये सिस्टबरोबर चांगल्या बीजकोशाचाही थोडा भाग जाऊ शकतो. म्हणून आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराआधी सरसकट ऑपरेशन नको, असं युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2022 च्या सूचनाही सांगतात. पाळी थांबवणाऱ्या गोळ्यांनी दुखणं कमी होतं, पण मूल हवं असताना त्यांचा उपयोग नाही. बीट-खजूर खुशाल खा, सिस्ट त्यानं विरघळत नाही. आणि 'मूल झालं की दुखणं जातं' हे तर सोडूनच द्या. निदान झालेलं असताना 'बघू पुढच्या वर्षी' मात्र नको, वय थांबत नाही.

"ह्यांची तपासणी झाली?"

"ह्यांची कशाला?"

नवरा बाहेर बाकावर बसला होता. आत बोलावलं. "मला कुणी सांगितलंच न्हाई," म्हणाला, आणि लगेच खिशातून पेन काढला. दोन ते सात दिवस संबंध टाळून वीर्याचा नमुना द्यायचा, हे त्यानं बायकोच्याच फाइलीवर लिहून घेतलं.