निरगुडीच्या पाण्यातल्या अर्काला जंतूंच्या प्लेटवर झोन (जंतू न वाढलेली साफ गोल जागा) येत नाही, मैत्रिणीला इथेनॉलमध्ये 18 मिमी आला. माझं काय चुकतंय?

सांगलीत एमएस्सी मायक्रो करताना माझा प्रोजेक्ट पण निरगुडीवरच होता म्हणून लिहितो. तुमचं चुकलं असेलच असं नाही, आधी मैत्रिणीच्या प्लेटकडं बघा, तिनं नुसतं इथेनॉल टाकलेली वेल (प्लेटमधलं अर्क भरायचं भोक) तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल म्हणून, ठेवलीय का? माझा पहिला झोन 16 मिमीचा आला होता, मी लगेच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, आणि सरांनी प्लेट उजेडाकडं धरून एवढंच विचारलं, कंट्रोल कुठाय? परत लावलं तर नुसत्या इथेनॉलभोवती पण 13 मिमी साफ. म्हणजे बरीचशी कमाल दारूची राव.

मग नीट केलं. पाला सावलीत वाळवला, मिक्सरला बारीक केला, 10 ग्रॅम पावडर 100 मिली इथेनॉलमध्ये दोन दिवस ठेवून मधनंमधनं हलवली, गाळून इथेनॉल पूर्ण उडवलं. खाली हिरवट काळा चिकट थर राहतो, चमच्याला धरला की सुटत नाही. तो वजन करून डीएमएसओ या द्रावकामध्ये विरघळवायचा आणि कंट्रोलला तेवढाच नुसता डीएमएसओ. पाण्यात निरगुडीतली तेलकट द्रव्यं फारशी उतरतच नाहीत, तुमचा झोन न येण्याचं एक कारण हे असू शकतं. दुसरं म्हणजे ई. कोलाय हा जंतू वापरला असेल तर तो ग्रॅम निगेटिव्ह, त्याला बाहेरनं आणखी एक पडदा असतो, एकदा स्टॅफवर (स्टॅफिलोकोकस, ग्रॅम पॉझिटिव्ह, त्याला तो पडदा नसतो) लावून बघा. कल्चर (जंतूंचं द्रावण) 0.5 मॅकफारलंडला, म्हणजे गढूळपणाच्या ठरलेल्या मापाला, जुळवा, ते दाट झालं की झोन आक्रसतो. मुलर हिंटन अगार (जंतू वाढवायचं जेलीसारखं माध्यम) 4 मिमी जाडीचाच ओता. आणि वेलमध्ये अर्क भरल्यावर अर्धा तास तशीच ठेवा, प्लेट उलटी करू नका, सवयीनं मी केली होती, सगळा अर्क झाकणावर.

अजून एक, जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या कागदी डिस्कच्या झोनशी तुलना करून "जवळपास तितकाच प्रभावी" असं काही लिहू नका. त्या डिस्कमध्ये 10 मायक्रोग्रॅम असतं, आणि 100 मिलिग्रॅम प्रति मिलीचा अर्क 100 मायक्रोलिटर टाकला म्हणजे तुम्ही 10 मिलिग्रॅम टाकलं, हजारपट! शिवाय मोठे किंवा तेलकट रेणू अगारमध्ये नीट पसरत नाहीत, त्यामुळं झोन छोटा म्हणजे अर्क कमजोर असंही नसतं. म्हणून जमलं तर ब्रॉथमध्ये (पातळ माध्यमात) दुप्पट दुप्पट पातळ करत एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारं अर्काचं सगळ्यात कमी प्रमाण) काढा. अर्काच्या हिरव्या रंगात गढूळपणा दिसत नाही, तिथं रेझाझुरिन हा निळा रंग घाला, जिवंत जंतू असले की निळ्याचं गुलाबी होतं.

आणि प्रस्तावनेत पारंपरिक वापर लिहिताना जपून. आमची आजी निरगुडीच्या पाल्यानं गुडघे शेकायची, ते दुखण्यासाठी, जंतूंचा तिथं काही संबंध नव्हता.