वाडीच्या रस्त्यावर आडवा गडगा, आणि ग्रामपंचायत म्हणते ‘आपसात मिटवा’

प्रश्न : राजापूर तालुक्यात खाडीकाठी आमची बारा घरांची वाडी आहे. पूर्वी मुख्य रस्त्यापासून वाडीपर्यंत जांभ्या दगडाची पायवाट, म्हणजे पाखाडी, होती. २०१२ मध्ये चुलतसासऱ्यांनी शंभराच्या स्टॅम्पवर संमतीपत्र दिलं आणि ग्रामपंचायतीने पाखाडीच्या दोन्ही अंगांना जागा घेऊन दहा फुटी रस्ता केला. खडी घातली, एक मोरी बांधली. पुढे चुलतसासरे वारले. गेल्या २० नोव्हेंबरला त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या चुलतदिराने, रस्त्यात आडवा गडगा, म्हणजे दगडी बांध, घातला. ‘सातबारा आमचा आहे, बाबांची संमती बाबांबरोबर गेली,’ असं तो म्हणतो. रस्ता उंच झाल्यापासून पावसाचं पाणी त्याच्या आगरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, शिरतं, ही त्याची जुनी तक्रार. आता काँक्रिटीकरणासाठी निधी मंजूर झालाय, पण सरपंच आणि ग्रामसेवक म्हणतात, वादाच्या जागेत काम करता येत नाही, आधी आपसात मिटवा. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून गडग्यावरून उचलून न्यावं लागतं. गडगा आम्हीच काढला तर चालेल का? की कोर्टात जावं?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, गडग्याला हात लावू नका. कायद्याची बाजू बऱ्यापैकी तुमची आहे. ती असताना एका रात्रीच्या रागापायी घरातल्या पोरांवर फौजदारी गुन्हा दाखल व्हायला नको.

सगळ्यात आधी तारीख बघा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे (पूर्वीचे मामलेदार) अर्ज करून अडवलेली वहिवाटीची वाट मोकळी करून मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. म्हणजे २० मे ही तुमची शेवटची तारीख. ‘बोलणी चालू आहेत’ म्हणून ती पुढे सरकत नाही. मिटवामिटवीच्या बैठकांत हे सहा महिने कधी संपले ते कळलंच नाही, अशी माणसं माझ्याकडे दर पावसाळ्यात येतात, आणि तेव्हा मला त्यांना लांबच्या दिवाणी दाव्याचाच रस्ता दाखवावा लागतो.

अर्ज लिहितानाही सांभाळा. हे कलम शेतीच्या, बागेच्या, चराईच्या जमिनीकडे जाणाऱ्या वाटेबद्दल आहे. ‘आमच्या घराची वाट अडवली’ एवढंच लिहिलंत तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला त्यावर बोट ठेवील. याच रस्त्याने वाडीतल्या कोणाच्या काजूच्या बागा, आंब्याची कलमं, भाताची खाचरं लागत असतील, तर ते गट नंबरांसह स्पष्ट लिहा. अडथळा कुठे आहे, कोणत्या तारखेला घातला, साक्षीदार कोण, कागद कोणते, हे सगळं अर्जातच यावं लागतं. निकालापर्यंत अडवणूक करू नये असा मनाई हुकूमही त्यातच मागा. तहसील कचेरीत कोणी कलम १४३ चा अर्ज भरायला सांगितलं तर तो भरू नका. जमीन महसूल संहितेचं ते कलम बांधावरून नवी वाट मिळवण्यासाठी आहे. तुमची वाट असलेली आणि अडवलेली आहे.

आता संमतीपत्राचं. चुलतदीर म्हणतो तितकं ते कुचकामी नाही, आणि तुम्ही समजता तितकं भक्कमही नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चं कलम ६० सांगतं की परवानगीवर विसंबून कायमस्वरूपी काम केलं आणि खर्च केला, तर परवानगी मागे घेता येत नाही. तुमची मोरी हा तुमचा सगळ्यात चांगला पुरावा. खडी वाहून जाते, मोरी जात नाही. तिचे फोटो आजच काढून ठेवा. मात्र सातबारा सामाईक असेल, तर एका सहहिस्सेदाराला बाकीच्यांच्या हिश्श्यावर हक्क देऊन टाकता येत नाही. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात, त्यातली निम्मी माणसं मुंबईत, आणि सही केलेली असते गावात राहणाऱ्या एकट्या म्हाताऱ्याने. कोकणातले वाडीरस्ते असेच झालेत आणि असेच अडतात.

पण पाखाडी वेगळी आणि रस्ता वेगळा, हे विसरू नका. संमतीपत्राने मिळाली ती वाढीव रुंदी. पाखाडीवरून वाडी पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करत होती, तीही कोणाच्या परवानगीने नव्हे. उद्या संमतीपत्र पार निकामी ठरलं तरी ती जुनी वाट कोणाला बंद करता येत नाही. आडव्या गडग्याने ती पूर्ण बंद केली आहे, म्हणून अर्जात पाखाडीचा मुद्दा पहिला घ्या. दिवाणी दाव्याची वेळ आली तर वीस वर्षांहून अधिक काळची उघड, निर्वेध वहिवाट याच पाखाडीवर सिद्ध करायची आहे, आणि तोही दावा अडवणुकीपासून दोन वर्षांच्या आत लावायचा असतो.

ग्रामपंचायतीचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही. गावातले रस्ते, मोऱ्या, गटारं बांधणं आणि त्यांची निगा राखणं हे ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे तिचंच काम आहे, आणि सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढण्याचा अधिकार कलम ५३ ने तिलाच दिला आहे. जिथे सरकारी पैसा खर्च झाला, तो रस्ता दोन भावकींचं भांडण म्हणून सोडून देता येत नाही. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून चार कागद मागा : नमुना २३, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीतला उतारा, २०१२ चा ठराव, त्या कामाची मोजमाप पुस्तिका आणि मूळ संमतीपत्राची प्रत. तीस दिवसांत मिळायला हवेत, म्हणजे अर्ज या आठवड्यातच द्या. नमुना २३ मधली नोंद जमिनीची मालकी ठरवत नाही, पण पंचायत हा रस्ता स्वतःचा मानून सांभाळत होती, एवढं त्यातून नक्की दिसतं. कागद हाती आले की कलम ५३ खाली कारवाईसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पंचायत हललीच नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाण्याची सोय त्याच कलमात आहे. निधीबाबतही लेखीच विचारा : मुख्य रस्त्यापासून गडग्यापर्यंतच्या भागात वाद नाही, तिथे काम का सुरू होत नाही?

चुलतदिराची बाजूही ऐका. जमीन त्याच्या घराण्याची आहे, आणि रस्ता लोकांच्या सोयीचा असला तरी मोबदला किंवा रीतसर संमती यांशिवाय कोणाची जमीन घेता येत नाही. विद्या देवी विरुद्ध हिमाचल प्रदेश या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतलेल्या जमिनीची भरपाई पन्नास वर्षांनंतर द्यायला लावली. शिवाय त्याची पाण्याची तक्रार खरी असावी. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि भर घालून रस्ता उंच केला पण कडेला गटार ठेवलं नाही, की उतारावरचं सगळं पाणी खालच्या आगरात जातं. पोफळीच्या मुळाशी पाणी साचलं की बाग हातची जाते. त्यात नुसतं काँक्रीट ओतलं तर पाणी आणखी जोरात उतरेल. शाखा अभियंत्यांना जागेवर बोलवा आणि काँक्रिटीकरणाच्या अंदाजपत्रकात गटार आणि पाणी व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, नेणारी दुसरी मोरी धरायला लावा. ग्रामसभेत तसा ठराव घ्या. माझ्या मते हा गडगा हुकमापेक्षा त्या गटाराने लवकर निघेल.

तडजोड झाली तर ती पुन्हा स्टॅम्पवर करू नका. रस्त्याच्या पट्ट्याची मोजणी करून ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र करा, सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्यांनी, आणि फेरफार होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. शिमग्याला मुंबईकर गावी येतील तेव्हा त्यांच्याशी बोलून घ्या. ज्यांना नोंदणीच्या दिवशी थांबता येणार नाही त्यांच्याकडून कुलमुखत्यारपत्र घ्या. तोवर तहसीलदारांकडचा अर्ज दाखल झालेला असू द्या. समेट झाला तर अर्ज मागे घेता येतो.

सासूबाईंचं प्रतिज्ञापत्र मात्र या महिन्यातच करून घ्या : लग्न होऊन त्या वाडीत कधी आल्या, तेव्हा पाखाडी कुठून कुठे होती, तिच्यावरून कोण कोण जायचं, कोणी कधी अडवलं होतं का. त्यांच्याइतकी जुनी साक्ष वाडीत दुसरी कोणाची असेल, तर त्यांचंही घ्या.