ळ कुठून आणायचा?

गेल्या महिन्यात जुन्या फोटोंचं स्क्रॅपबुक कसं करायचं ते लिहिलं होतं. त्यावर आलेले बहुतेक प्रश्न फोटोंचे नाहीतच, अक्षरांचे आहेत. मला बरंच वाटलं. माझे बाबा इंदुरात राजवाड्याच्या आसपासच्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि मी शाळेत बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली. फोटोपेक्षा अक्षराशी माझी ओळख जुनी.

काकू, आईच्या पंच्याहत्तरीसाठी अल्बम करतेय. खजुरी बाजारातून अक्षरांचे स्टिकर आणले, ते इंग्रजी. ‘हॅपी बर्थडे’ झकास बसलं. मग हिंदी पेपरातली अक्षरं कापून ‘इंदूरचं बाळपण’ लिहायला घेतलं, तर शब्द दारू प्यायल्यासारखा दिसतोय. आणि ळ तर मिळतच नाही! — लोकमान्यनगर, इंदूर

अगं, तू अक्षरं खालून ओळीत लावलीस ना? तिथेच गडबड झाली. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं. आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकतं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं. सदऱ्याची बाही खाली लोंबली म्हणून कुणी दोरी वाकडी करत नाही. बाबा पाटीवर पहिलं अक्षर काढायच्या आधी खडूच्या भुकटीत दोरा घोळवायचे, दोन खिळ्यांना ताणून बांधायचे आणि मधोमध चिमटीत धरून सोडायचे. फट्! पाटीवर एक पांढरी सरळ रेघ. तो आवाज ऐकायला मी शाळेतून धावत यायची. “डोकी एका रेघेत ठेव, पाय नाचू देत,” असं ते म्हणायचे. (इंदुरात वाढलेले चित्रकार हुसेन पुढे मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवायचे, हे गिऱ्हाइकाला ऐकवल्याशिवाय त्यांचा ब्रश हलत नसे.)

तूही आधी पेन्सिलीने रेघ मार आणि प्रत्येक अक्षराचं डोकं तिला टेकव. सगळी चिकटली की शब्दाच्या डोक्यावरून एक सलग पट्टी लाव, दोन-तीन मिलिमीटरची. घरात पडलेल्या लग्नपत्रिकेची सोनेरी कड कापलीस तरी चालेल. वेगवेगळ्या पेपरांतली, लहानमोठी अक्षरं त्या एका पट्टीने एका घरातली होतात.

दुसरं म्हणजे काना-मात्रा वेगळ्या कापू नकोस. वेलांटी बोटात धरता येत नाही आणि पंखा चालू असला तर गेलीच म्हणून समज. अख्खं अक्षर कापावं, जमलं तर अर्धा शब्दच. इथल्या हिंदी पेपरात रोज ‘इंदौर’ असतं, आपल्याला हवं ‘इंदूर’. मी काय करते सांगू? ‘इंदौर’चा फक्त ‘इं’ घेते आणि ‘मजदूर’ शब्दाचं शेपूट कापते. ‘इं’ला ‘दूर’ जोडलं की काम झालं.

ळ हिंदी पेपरात मिळणार नाही, त्यांना तो लागतच नाही. मग बँकेच्या कॅलेंडरवरचा इंग्रजी आठचा आकडा घे. तो आडवा कर आणि मधोमध वरच्या अंगाला काळ्या कागदाचा छोटासा देठ चिकटव. ळ! देठ वरच्या पट्टीला टेकला की कुणाला शंकासुद्धा येत नाही. आठ थोडा गुबगुबीत निवड, सडपातळ आठाचा ळ उपाशी दिसतो. आणखी एक खोड माझी: हिंदीतले ल आणि श आपल्यापेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला. आईचं नाव लिहिताना तरी तिच्या वळणाचा ल काढ. ती शाळेत तोच शिकली असणार.

आणि हो, मूळ पेपर चिकटवू नकोस, काही वर्षांत तो तपकिरी होऊन तुकडे पडायला लागतात. मथळ्यांची चांगल्या कागदावर फोटोकॉपी काढून ती काप. दीडपट मोठीही करून मिळते.

पेन कोणतं वापरावं? — देवास

पिगमेंट शाईचं. स्केचपेनचा रंग उडतो आणि फेव्हिकॉलचा ओलावा लागला की पसरतो. काळ्या पानावर पांढरं जेल पेन छान दिसतं. फोटोच्या पाठीवर मात्र मऊ पेन्सिलच, तीही हलक्या हाताने. बॉलपेनचा वळ पुढून दिसतो. आमच्या घरच्या एका मुंजीच्या फोटोत बटूच्या कपाळावर ‘१९६२’ उमटलंय ते माझ्याच कृपेने.

मोठी शीर्षकं कॉम्प्युटरवर टाईप करून छापली तर चालतील का? मी मंगल फॉन्ट वापरतो. — उज्जैन

चालतील. मंगल र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवला, पडद्यावर वाचायला तो सुबक आहे. पण शीर्षकाएवढा मोठा केला की मला तो सरकारी नोटिशीसारखा वाटतो. मुलांच्या पानाला ‘बलू’ बघ, गोलमटोल आहे आणि फुकट मिळतो. पण सगळा अल्बम छापील नको. एका पानावर एकच छापील शब्द, बाकी हाताने लिही.

पणजोबांची मोडीतली दोन पत्रं सापडली आहेत. संस्थानी काळातली असावीत. वाचता येत नाहीत, पण दिसतात सुंदर. तुकडे करून पानांच्या बॉर्डरला लावायचा विचार आहे. — स्नेहलतागंज, इंदूर

कात्री खाली ठेवा आधी! रागवते आहे असं समजा, कारण रागवतेच आहे.

जे वाचता येत नाही त्याचे तुकडे करायचे नसतात. त्यात कर्जाचा हिशेब असेल, नाहीतर कुणाच्या तरी जन्माची खबर. लॅमिनेशनही करू नका, ते परत निघत नाही. सेलोटेपही नको. आधी दोन्ही पत्रांच्या रंगीत फोटोकॉपी काढा. एक कॉपी मोडी वाचणाऱ्याला दाखवा. इंदुरात होळकर दरबारचा कारभार मोडीत चालायचा, त्यामुळे शोधलंत तर जुनं वळण ओळखणारं कुणीतरी भेटेल. दुसऱ्या कॉपीची खुशाल बॉर्डर करा. मूळ पत्रं कागदी पाकिटात, अल्बमच्या शेवटच्या पानाला.

आणि मोडी बघताना एक गंमत बघा. लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायचा आणि मग हात शक्य तेवढा न उचलता अक्षरं तिला अडकवत जायचा. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. कुठे शाई दाट दिसेल आणि पुढे फिकी होत जाईल. दाट झाली तिथे पणजोबांनी बोरू पुन्हा दौतीत बुडवलाय. पानावर मोठं करून दाखवायचं तर तेवढा तुकडा दाखवा, फोटोकॉपीचा! खाली त्याच ओळीचं बाळबोध, म्हणजे देवनागरी, रूप पेन्सिलीने लिहा.

फोटोंखाली काय लिहावं तेच सुचत नाही. ‘सोनेरी क्षण’, ‘आठवणींचा ठेवा’ लिहून झालं. — रामबाग, इंदूर

ते पुसून टाका. फोटोत जी माणसं आहेत ती त्या वेळी काय बोलत होती ते लिहा, आणि ती बोलली तसंच लिहा, शुद्ध करू नका. आमच्याकडे सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतला एक फोटो आहे, रात्री अकराचा, हातात भुट्ट्याचा, म्हणजे मक्याचा, कीस. खाली मी लिहिलंय: “अजून खाऊन राहिलेत, घरी कधी जायचं?” हे आमच्या आत्याचं वाक्य. पुण्याची सून हसते या मराठीला, हसू दे. आत्या त्या फोटोत नाही, फोटो तिनेच काढलेला. त्या ओळीमुळे ती पानावर आली.

सासूबाईंनी स्वतः चार ओळी लिहाव्यात असं वाटतं, पण हात थरथरतो म्हणून त्या नको म्हणतात. माझ्या अक्षरात लिहू का? — पलासिया, इंदूर

तुझ्या अक्षरात कशाला? अल्बमवर लिहा म्हणू नकोस, माणूस दबतो. त्यांना सुटे कागद दे, पेन जाडसर दे आणि तू स्वयंपाकघरात निघून जा. कागद तीन-चार तरी ठेव. पहिल्यावर बहुतेक ‘मला नाही जमत’ एवढंच लिहून ठेवतील. तोच लाव.