ग्रहांच्या गती पाठ आहेत, पण आकाशात जुळत नाहीत. घरच्या घरी कसं समजून घ्यावं?

तुम्ही विचारलंय की सातवीतल्या मुलीला परिवलन, परिभ्रमण, चंद्रकला सगळं पाठ आहे, पण आकाशाकडे पाहिलं की त्यातलं काहीच जुळत नाही. वर्षभरात हे घरी समजून घेता येईल का? येईल. मला स्वतःला ते चाळिशीत समजलं. पुस्तकातल्या आकृतीत आपण सूर्यमालेच्या बाहेर उभे राहून बघतो आणि गच्चीवर मात्र फिरत्या पृथ्वीवर उभे असतो. गोंधळ होतो तो इथे. म्हणून आकृती थोडे महिने बाजूला ठेवा आणि आधी सावली बघा.

मी पुण्यात धनकवडीत राहतो. गच्चीवर एका कुंडीत सिमेंट ओतून एक मीटर उंचीचा पाइप उभा केला आणि ओळंबा लावून तो सरळ असल्याची खात्री केली. जुन्या ज्योतिषग्रंथांत याला शंकू म्हणतात. दर रविवारी बरोबर १२ वाजून ३५ मिनिटांनी सावलीच्या टोकाला ऑइल पेंटचा ठिपका द्यायचा, एवढंच काम. १२:३५ अशासाठी की आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि पुणे साधारण ७३.९ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून आपला मध्यान्ह सरासरी ३५ मिनिटं उशिरा होतो. संकष्टीला मुंबईची चंद्रोदयाची वेळ बघून पुण्यात गच्चीवर गेलात, तर चंद्र चारेक मिनिटं आधीच उगवलेला असतो, तोही याच हिशोबाने.

डिसेंबरच्या २१-२२ तारखेला माझ्या पाइपची सावली उत्तरेकडे जवळजवळ ९० सेंटीमीटर पडते. मार्चच्या संपाताला (दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा) ती ३३ सेंटीमीटर होते, आणि १३-१४ मेच्या सुमारास भर दुपारी नाहीशीच होते. तिथून पुढे खरी गंमत आहे. पहिल्या वर्षी मेअखेरीस ठिपका पाइपच्या दक्षिणेला पडला, तेव्हा पाइप कलला समजून मी पुन्हा ओळंबा लावून पाहिला. पाइप सरळच होता. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश आणि सूर्य उत्तरेला २३.४ अंशांपर्यंत जातो. म्हणजे जूनमधल्या दुपारी तो आपल्या डोक्यावरून पुढे उत्तरेला गेलेला असतो. 'पृथ्वीचा आस कललेला आहे' हे वाक्य मला त्या दिवशी कळलं. मुलीला हे दाखवायचं तर मे संपायच्या आत दाखवा. नंतर ढग येतात, आणि जुलैअखेरचा दुसरा शून्य सावली दिवस आपल्याकडे बहुतेकदा पावसातच जातो.

वर्षाचे ठिपके जोडले की लांबट इंग्रजी आठ तयार होतो. कारण सूर्य घड्याळाप्रमाणे चालत नाही: फेब्रुवारीच्या मध्यावर पुण्याचा मध्यान्ह १२:४९ ला होतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ ला. यामागे आसाचा कल आहे आणि कक्षेचा लंबगोल आकारही. ३-४ जानेवारीच्या सुमारास पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला १५.२१ कोटींवर. म्हणजे आपण कुडकुडतो तेव्हा सूर्य जवळ असतो! जवळ असताना पृथ्वी वेगाने धावते, म्हणून मार्चच्या संपातापासून सप्टेंबरच्या संपातापर्यंत १८६ दिवस लागतात आणि उरलेल्या अर्ध्या फेरीला फक्त १७९.

चंद्रासाठी काहीच साहित्य लागत नाही. शुद्ध द्वितीयेपासून रोज संध्याकाळी साडेसातला एकाच जागी उभं राहायचं. हात लांब केला की मूठ साधारण १० अंशांची दिसते. चंद्र रोज मूठभर आणि वर दोन बोटं, म्हणजे सुमारे १२-१३ अंश, पूर्वेला सरकलेला दिसेल. रात्रभर तो पश्चिमेला जातो ते पृथ्वीच्या फिरण्यामुळे. रोजचं हे पूर्वेला सरकणं मात्र त्याचं स्वतःचं. या दोन गती वेगळ्या करता आल्या की अर्धं काम झालं. (चंद्रकला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असं मुलांच्या मनात असतं. ते आधी काढून टाका. सावली पडते ती फक्त चंद्रग्रहणात.)

आणि मग मराठी महिन्यांकडे या. माझ्या दृष्टीने यातला सर्वांत सुंदर भाग हा आहे. चैत्र पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ, वैशाखातला विशाखेजवळ, कार्तिकातला कृत्तिकांजवळ. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, त्यामुळे त्याचं नक्षत्र दर महिन्याला पुढे गेलं याचा अर्थ पृथ्वी सूर्याभोवती तेवढी पुढे गेली. पृथ्वीची फेरी आपल्या महिन्यांच्या नावांतच लिहून ठेवलेली आहे. चंद्र २७.३ दिवसांत त्याच नक्षत्रात परततो, पण तोवर सूर्य पुढे सरकलेला दिसतो. त्याला गाठायला आणखी दोन-सव्वादोन दिवस लागतात, म्हणून पौर्णिमा ते पौर्णिमा २९.५ दिवस. असे बारा महिने ३५४ दिवसांतच संपतात. दरवर्षी राहिलेले ११ दिवस साठले की अधिक महिना: २०२३ मध्ये श्रावण, २०२६ मध्ये ज्येष्ठ.

ग्रहांना घाई नको. गुरू सुमारे बारा वर्षांत फेरी पुरी करतो, वर्षाला साधारण एक रास. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो तो यामुळेच. शनीला साडेएकोणतीस वर्षं लागतात, राशीला अडीच वर्षं. साडेसातीचा आकडा म्हणजे तीन राशींचा प्रवास.

वक्री होणं, म्हणजे ग्रह काही काळ ताऱ्यांमधून उलटा सरकताना दिसणं, मात्र डोळ्यांनी बघावं असं आहे. तुम्ही डेक्कन क्वीनमध्ये आहात आणि शेजारच्या रुळावर त्याच दिशेने लोकल चाललीय. तिला ओलांडताना लांबच्या डोंगरासमोर ती मागे जाताना दिसते. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते, मंगळ २४. २०२४-२५ च्या हिवाळ्यात मंगळ पुष्यातून मागे पुनर्वसूत गेला, तेव्हा मी दर आठवड्याला वहीत ताऱ्यांसह त्याची जागा काढत होतो. पुढची संधी २०२७ च्या जानेवारी ते मार्चमध्ये आहे, मघा ताऱ्याच्या आसपास. गुरूही त्याच भागात असेल. तांबूस तो मंगळ. सिंह राशीतल्या ताऱ्यांच्या विळ्याच्या मुठीशी असलेली मघा मुलीला आधीच ओळखता येऊ दे, म्हणजे मंगळ तिच्या बाजूने मागे सरकताना तिला स्वतःलाच दिसेल.