अरुंद खाचेत बीझेडच्या लाटा विरतात? रुंदी नको, भिंत तपासा

तुमच्या ठाण्याच्या प्रयोगशाळेत पेट्री डिशमध्ये बेलोसोव-झाबोटिन्स्की (बीझेड) या रंग बदलत राहणाऱ्या रासायनिक अभिक्रियेची वलयं छान येतात, पण तेच द्रावण पीडीएमएस या सिलिकोन रबराच्या १ मिमी खाचेत ओतलं की लाट भिंतीशी वाकते, मध्येच विरते, आणि रुंदी चारदा बदलूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं ओळखीचं आहे. रुंदी बदलणं थांबवा.

तुमच्या सिम्युलेशनमध्ये भिंतीतून काहीच जात नाही असं धरलेलं असणार. पीडीएमएस मात्र अभिक्रियेत तयार होणारं ब्रोमीन शोषतं, आणि भिंतीजवळची अभिक्रिया बिघडते. डिशमधल्या १.५ मिमी थराच्या दर घन मिलिमीटरला जेमतेम ०.७ चौरस मिलिमीटर काच लागते. १ मिमी खोल, १ मिमी रुंद उघड्या खाचेत ३ चौरस मिलिमीटर भिंत. शिवाय मध्यापासून कडेपर्यंतचा अर्धा मिलिमीटर ब्रोमीन मिनिट-दीड मिनिटात विसरणाने गाठतं. आम्हाला साचा करून देणाऱ्या केंद्राने 'पदार्थ निष्क्रिय आहे' एवढंच कळवलं आणि अख्खं सत्र भूमितीला दोष देण्यात गेलं. पदार्थ कोणता, हे लेखी मागून घ्याच.

चाचणी सोपी आहे. एकाच डिशमध्ये त्याच पीडीएमएसचा सपाट तुकडा आणि शेजारी काचेचा तुकडा ठेवा. रबराजवळच लाटा बिघडल्या तर दोष आकाराचा नाही. मग दोन काचपट्ट्यांमध्ये १ मिमी फट ठेवून तीच रुंदी पुन्हा करून बघा.

दुसरा संशयित क्लोराइड, तोही ही अभिक्रिया रोखतो. नळाच्या पाण्याने खाच धुऊ नका. शेवटच्या धुवणाचं पाणी वेगळ्या परीक्षानळीत घेऊन नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाका. पांढरा गढूळपणा आला तर ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा धुवा. फेरोइन (लाटेचा रंग दाखवणारा सूचक) स्वतः बनवत असाल तर त्यासाठीच्या फिनॅन्थ्रोलिनच्या बाटलीवर 'हायड्रोक्लोराइड' लिहिलंय का पाहा. हायड्रोक्लोराइड नसलेलं साधं मोनोहायड्रेटच घ्या.

खाचेत बुडबुडे अडकत असतील तर वायू सोडणाऱ्या नेहमीच्या मॅलॉनिक आम्लाऐवजी १,४-सायक्लोहेक्झेनडायोन वापरता येतं, मात्र प्रमाणं नव्याने बसवावी लागतात. तापमानही नोंदवा: २४ अंशांची एसी खोली आणि मे महिन्यातली ३४ अंशांची खोली यांत दोलनकाळ (रंग एकदा बदलून परत यायला लागणारा वेळ) गरम खोलीत जवळपास निम्मा होतो, दोन्हींची तुलना करू नका.

एवढं झाल्यावर भूमितीकडे वळा. सरळ खाच तरंगलांबीपेक्षा बरीच अरुंद असेल तर सर्पिल (गोल फिरणारी लाट) मावतच नाही, तुटलेलं टोक भिंतीला लागून संपतं. फिरती लाट हवी असेल तर बंद वर्तुळाकार खाच करा आणि सुरुवातीलाच लाट एका बाजूने तोडा. ३० मिमी परिघ आणि मिनिटाला ६ मिमी वेग असेल तर एक फेरी ५ मिनिटांची.

हे सगळं मी उघड्या, पातळ थरापुरतं सांगतोय. जेलमध्ये गणित वेगळं. आणि ब्रोमेट, सल्फ्युरिक आम्ल, ब्रोमीनची वाफ हे सगळं फ्यूम हूडमध्येच, चष्मा घालूनच.